डॅशबोर्डमागची गळती : जुन्या गाडीची हीटर कॉइल

पौषातली सकाळ होती. परभणीला जायला गाडी काढली तर समोरची काच आतून धुरकट झालेली. रुमालाने पुसली, तर निघायचं सोडून तेलकट पट्टा पसरला आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या एका दिव्याचे चार दिवे दिसायला लागले. गाडीत आठवडाभर एक वास येत होता, गोडसर, पाक करपायच्या आधी येतो तसा. मागच्या सीटवर पोरांनी काहीतरी सांडलं असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. शेवटी शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, माझी चप्पल ओली कशानं झाली?"

तेव्हा उजेड पडला. हीटर कॉइल गळत होती.

हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला वहीएवढा छोटा रेडिएटर. इंजिनातून गरम झालेलं पाणी एका रबरी होजने आत येतं, कॉइलच्या चपट्या नळ्यांतून फिरतं आणि दुसऱ्या होजने परत जातं. मागून ब्लोअर हवा फेकतो, ती तापते आणि आपल्या पायावर येते. उन्हाळ्यात गार हवा देते ती कूलिंग कॉइल वेगळी. ती एसीची असते, पण बहुतेक गाड्यांत दोघी एकाच प्लास्टिकच्या डब्यात शेजारीशेजारी नांदतात. पुढे याचा त्रास होतो, तो त्या वेळी सांगतो.

आपल्याकडे हीटर लागतो वर्षातून तीन-चार आठवडे. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आली की लोक ते बटण शोधतात, एरवी त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून वाटतं, जी वस्तू वापरलीच नाही ती झिजेल कशी? पण पुष्कळ गाड्यांत बटण बंद असलं तरी गरम पाणी कॉइलमधून बाराही महिने फिरतच असतं, बंद होतो तो फक्त हवेचा पडदा. ज्या गाड्यांत पाणी अडवणारा कॉक असतो तिथे उलट होतं. तेच पाणी महिनोन्महिने कॉइलमध्ये साचून राहतं आणि गाळ तळाला बसतो. कॉइल दोन्हीकडून मरते. तिला मारतं कोण, हे आमच्या मेकॅनिक उस्तादांनी बॉनेट उघडल्या उघडल्या विचारलं होतं: "साहेब, बोअरचंच पाणी घालायलाव का?"

हो, कमी पडलं की वरून बोअरचंच. आपल्या घरात बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनात चढतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात रेडिएटरसाठी डिस्टिल्ड वॉटर मागितलं असतं तर दुकानदाराने वर-खाली पाहिलं असतं. सवय तिथलीच, हंड्यात जे असेल ते ओतायचं. हीटर कॉइलच्या नळीत वाट असते काडेपेटीतल्या काडीएवढी. क्षार सगळ्यात आधी तिथे बसतात, आणि नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काही नसल्याने धातूही आतून खाल्ला जातो.

आधी खात्री करा

डॅशबोर्ड उघडणं हे शेवटचं काम. त्याआधी कॉइलच गळते आहे हे ठरवा, कारण पायाखालच्या ओलीला तीन-चार कारणं असू शकतात.

सगळ्यात नेहमीचं म्हणजे एसीच्या पाण्याची नळी तुंबणं. कूलिंग कॉइलवर जमलेलं पाणी एका छोट्या नळीतून गाडीखाली ठिबकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली दिसतं ते हेच. नळीत माती किंवा कुंभारमाशीचं घर झालं की ते पाणी उलटं फिरून कार्पेटवर येतं. पावसाळ्यात काचेच्या रबरातून किंवा दाराच्या कडेनेही पाणी शिरतं. ओल्या जागी पांढरा सुती कपडा दाबा. पाणी साधं, बिनवासाचं असेल तर कॉइल वाचली. कपड्यावर हिरवी, लाल किंवा गंजकट छटा आली, बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला, तर ते कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचं रसायन. काही मेकॅनिक जिभेला लावून सांगतात. तुम्ही तसलं काही करू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, गोड लागतं म्हणूनच जास्त घातक.

एक अडचण आहे. वर्षानुवर्षं नुसतं पाणीच घातलं असेल तर ना रंग मिळेल ना गोड वास. मग सकाळी थंड इंजिनवर कूलंटच्या टाकीच्या रेषेवर खूण करा आणि आठवडाभर पाहा. पातळी उतरते आहे, गाडीखाली थेंब नाही, आणि ब्लोअर गरमवर लावला की काच धुरकटते, ही तिन्ही लक्षणं जुळली तर कॉइलच. पातळी उतरते आहे पण आत सगळं कोरडं असेल, तर वॉटर पंप, होज आणि हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधली पट्टी) तपासा. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर निघत असेल तर तो आजार वेगळा आहे आणि मोठा आहे.

पक्का निकाल हवा तर प्रेशर टेस्टर लावून घ्या. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवतात आणि झाकणावर जो आकडा छापलेला असतो, बहुधा ०.९ किंवा १.१, तेवढा दाब देतात. पंधरा मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा उतरतो आहे आणि इंजिनखाना कोरडा आहे, तर डाव्या सीटपुढचं कार्पेट उचलून डब्याच्या खालच्या सांध्याला बोट लावा. दाब छापील आकड्यापेक्षा जास्त देऊ नका. म्हाताऱ्या कॉइलला परीक्षेतच मारून टाकाल.

रस्त्यातच फुटली तर

कधी कधी कॉइल ठिबकत नाही, सरळ फाटते. समोरच्या जाळ्यांतून वाफ येते, काच एका क्षणात पांढरी होते. ब्लोअर बंद करा, काचा खाली करा, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. सगळ्यांना खाली उतरवा, कारण आत येणारं पाणी नव्वद अंशांच्या आसपासचं असतं आणि ते पहिल्यांदा शेजारच्याच्या पायावर पडतं. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतंच.

तिथून घरी यायचा मार्ग म्हणजे बायपास, कॉइल वगळून तिच्या दोन्ही होज एकमेकींना जोडणं. तोच पुढे कायमचाही करता येतो, म्हणून नीट सांगतो.

बायपास : आपल्याकडचं शहाणं उत्तर

माझं मत सरळ आहे. गाडी पंधरा-वीस वर्षांची आहे, डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं आहे आणि हीटर वर्षातून वीस दिवस लागतो, तर मराठवाड्यात बायपास करून मोकळं व्हा. महाबळेश्वरला राहणाऱ्याला हे सांगणार नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. इंजिनखान्याच्या मागच्या पत्र्यात, जिथून पलीकडे डॅशबोर्ड सुरू होतो, दोन बारीक होज शेजारीशेजारी आत शिरताना दिसतील. जाड दोन होज रेडिएटरच्या, त्या नव्हेत. खाली घमेलं ठेवा आणि रेडिएटरच्या तोटीतून दोन-तीन लिटर पाणी काढून घ्या, म्हणजे होज सोडल्यावर धार लागणार नाही.

होज निघत नसेल तर पिळू नका. आतली नळी पितळी किंवा अॅल्युमिनियमची असते, पिळली की मुळातून वाकते. होजच्या टोकाला ब्लेडने उभा चर द्या आणि सोलून काढा. इंचभर होज गेली तरी चालते.

आता या दोन्ही होज एकमेकींना जोडायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत आतला व्यास सोळा मिलिमीटर, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत पाच सुती. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचा पितळी जोड मिळतो. प्लास्टिकचा घेऊ नका, तिथली उष्णता तो फार दिवस सोसत नाही. दोन्ही बाजूंना नव्या क्लिपा. होज वळताना चिमटा बसत असेल तर नवीन लांब तुकडा घेऊन मोठं वळण द्या आणि तो सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधा.

इथे एक चूक हमखास होते. काहीजण दोन्ही होजमध्ये बोल्ट ठोकून त्या बंद करतात. गळती थांबते, माणूस खूश होतो. पण कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडायच्या आधी पाणी याच वाटेने फिरत असतं. वाट बंद केली की थर्मोस्टॅटला गरम पाण्याची खबर उशिरा पोचते आणि तोवर हेड तापलेलं असतं. म्हणून बूच नाही, वळसा. आणि थर्मोस्टॅटच काढून फेकायची जी रीत आपल्याकडे आहे, "गरम प्रदेशात कशाला लागतो" म्हणून, ती या कामाबरोबर दुरुस्त करून टाका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सकाळी वेळेवर तापत नाही आणि पेट्रोल उगाच जळतं.

उरलेलं काम छोटं पण विसरायचं नाही असं. जुन्या कॉइलमध्ये कपभर कूलंट राहिलेलं असतं, ते पुढचे दोन महिने कार्पेटवर ठिबकत राहील. पत्र्यातून बाहेर आलेल्या एका नळीला होजचा तुकडा लावून हळूच हवा मारा आणि दुसऱ्या नळीतून येईल ते बाटलीत घ्या. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पूर्ण दाबाने लावू नका, सायकलचा पंप पुरतो. मग दोन्ही नळ्यांना रबरी टोप्या घाला.

बायपासचा एकच तोटा मला जाणवला. चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढताना ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि काटा वर सरकायला लागला, की मी पूर्वी हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावायचो. काचा खाली, घामाच्या धारा, पण इंजिनची थोडी उष्णता आतल्या छोट्या रेडिएटरमधून निघून जायची. बायपासनंतर ही युक्ती गेली. मोठा रेडिएटर आणि पंखा धडधाकट ठेवणं आलं.

हळद, पावडर आणि डाख

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायचा ट्रकवाल्यांचा उपाय तुम्ही ऐकला असेल. बाजारातली गळती थांबवणारी पावडरही त्याच तत्त्वावर चालते, बारीक कण भोकात जाऊन अडकतात. रात्री दोनला मांजरसुंब्याच्या घाटात उभे असाल तर टाका, मी दोष देणार नाही. पण त्या कणांना भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. सगळ्यात अरुंद नळ्या हीटर कॉइलच्या, म्हणून पहिल्यांदा तीच तुंबते, मग रेडिएटरचा नंबर लागतो.

डाख देऊन दुरुस्तीचं म्हणाल, तर कॉइल तांब्या-पितळेची असेल आणि गळती नळीच्या सांध्याला असेल, तर चांगला रेडिएटरवाला डाख लावून वर्षानुवर्षं टिकेल असं काम देतो. मधल्या जाळीत भोक पडलं असेल तर एक बुजवल्यावर महिन्याभरात शेजारी दुसरं पडतं. अॅल्युमिनियमच्या कॉइलला, विशेषतः प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असते तिला, डाख लागत नाही. एम-सील लावणाऱ्याला नमस्कार करून निघा.

नवीन कॉइल घालायचीच तर

पहिला प्रश्न विचारा: या गाडीची कॉइल डॅशबोर्ड न काढता निघते का? काही गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स आणि दोन पट्ट्या सोडवल्या की ती बाजूने सरकते. काहींत स्टिअरिंगसकट सगळा संसार बाहेर काढावा लागतो. त्याच मॉडेलची कॉइल आधी बदललेला माणूस शोधा. कॉइलपेक्षा मजुरी जास्त होते ती इथेच.

दुसरा प्रश्न एसीचा. डबा बाहेर काढायला कूलिंग कॉइलचे पाइप सोडावे लागत असतील तर आधी एसीवाल्याकडे जाऊन मशीनने गॅस काढून घ्या. पाना लावून फुस्सकन हवेत सोडून देतात, तसं करू देऊ नका. उघडे पाइप लगेच टोपी किंवा टेपने बंद करा, ओल आत गेली की एसी रुसतो. जोडताना ओ-रिंग नव्या.

स्वतः करणार असाल तर बॅटरीची उणे तार आधी काढा. एअरबॅग असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला घरी हात लावू नका, तिथे माहीतगारच हवा. प्रत्येक पट्टी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. स्क्रू एकत्र टाकू नका. मी बिस्किटाच्या पुड्यातले प्लास्टिकचे ट्रे वापरतो, प्रत्येक कप्प्यात एका भागाचे स्क्रू आणि शेजारी चिकटपट्टीवर नाव. काही केल्या पट्टी निघत नसेल तर ताकद लावू नका, एखादा स्क्रू नक्की लपलेला आहे. बहुधा खोट्या बटणामागे किंवा अॅश ट्रेच्या खोबणीत. वीस वर्षं मेच्या उन्हात तापलेलं प्लास्टिक पापडासारखं मोडतं, म्हणून हे काम पहाटे करू नका. दुपारी ऊन लागून प्लास्टिक जरा नरम झालं की ते कमी तडकतं.

नवी कॉइल आणली की जुनीच्या शेजारी ठेवा. रुंदी, जाडी, नळ्यांचा कोन, सगळं जुळलं पाहिजे. नळीचा कोन बोटभर चुकला तरी ती पत्र्याच्या भोकातून येत नाही आणि मग कुणीतरी ती वाकवायला जातं. बसवण्याआधी एक नळी बंद करून दुसरीतून सायकलच्या पंपाने हवा भरा आणि बादलीत बुडवा. बुडबुडा आला तर दुकानदाराकडे परत. सगळा डॅशबोर्ड जोडून झाल्यावर तो बुडबुडा सापडला तर काय होतं, हे मी अनुभवाने सांगतो आहे. जुन्या बाजारातून काढलेली कॉइल घेऊ नका, एवढ्या खटपटीनंतर तर नाहीच.

कॉइलभोवतीची फोमची पट्टी कुजून भुगा झालेली असते. नवी चिकट फोमपट्टी लावा. ती नसली तर हवा कॉइलच्या बाजूने निसटते आणि नवीन कॉइल असून हीटर कोमट राहतो.

आणि जोडण्याआधी बाकीचं इंजिन धुवा. नाहीतर जुना गाळ पहिल्याच दिवशी नव्या कॉइलमध्ये जाऊन बसेल. होज जोडायच्या आधी रेडिएटर आणि इंजिन साध्या पाण्याने, कमी दाबाने, उलट्या दिशेने धुऊन घ्या, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. माझ्या गाडीतून आधी चहासारखं आणि मग वाळूसारखं काहीतरी निघालं होतं.

भरणं आणि हवा काढणं

कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं ते, पण मागताना "बॅटरीचं पाणी" म्हणा आणि कॅनवर वाचून घ्या, शेजारच्याच कॅनमध्ये अॅसिड असतं. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं असेल तर त्यात पाणी घालू नका. "इकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला" असं ऐकाल. साधं पाणी शंभर अंशांना उकळतं, निम्मं कूलंट घातलेलं एकशे सहा-सात अंशांना, आणि त्यावर झाकणाचा कुकरसारखा दाब आला की एकशे वीसच्या पुढे. बेचाळीस अंशांच्या दुपारी हेच अंतर कामाला येतं. गंज रोखणारी रसायनंही त्यातच असतात.

गाडी चढावर, तोंड वर करून उभी करा. हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. हळूहळू भरा, इंजिन चालू करून मंद चालू ठेवा आणि वरची जाड होज अधूनमधून दाबा, बुडबुडे वर येतील. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, पुन्हा भरा. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला, बुडबुडे थांबले, की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गाडी चालू करताना डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली तर हवा अजून अडकलेली आहे. थंड इंजिनवर पुन्हा हेच करा.

निघालेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. उन्हाळ्यात तहानलेलं कुत्रं, शेळी कशालाही तोंड लावते. झाकणाच्या डब्यात भरून, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि कूलंट बदलणाऱ्या गॅरेजला द्या.

कार्पेट

हे लोक सोडून देतात. ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही. कार्पेटखालच्या फोममध्ये महिनोन्महिने राहतं, काच धुरकटत राहते, आणि माणूस म्हणतो नवी कॉइल पण गळते आहे. डावी सीट काढा, कार्पेट उचला, कोमट पाणी आणि कपड्याच्या पावडरने दोनदा धुवा. गच्चीवर टाका. मेमध्ये असाल तर एका दिवसात खडखडीत, श्रावणात असाल तर देवाचं नाव घ्या. पत्रा पुसून गंजाचे डाग घासा आणि रंगाचा हात मारा. काच आतून भांड्याच्या साबणाने धुवा, कोरड्या वर्तमानपत्राने पुसा, आणि हे दोन-तीन दिवस रोज करा.

माझ्या गाडीत शेवटी नवीन कॉइलच घातली, कारण जालन्यात एका गॅरेजवाल्याने दीड दिवसात करून देतो म्हटलं आणि चार दिवसांत दिली. कूलंट बदलल्याची तारीख टाकीवर मार्करने लिहून ठेवली आहे. महिन्यातून एकदा गाडी गरम असताना हीटर दहा मिनिटं पूर्ण लावतो, एप्रिल-मेमध्येसुद्धा, म्हणजे आतलं पाणी साचून राहत नाही. सगळ्या काचा खाली असतात. शेजारच्या चौकातला चहावाला दर वेळी विचारतो, एसी बिघडला का म्हणून.